धसका घेतलेली मुले

भीती वाटते, धक्का बसतो; धसका मात्र घेतला जातो. मराठीने या तीन शब्दांना तीन निराळी क्रियापदे जोडली, त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण असले पाहिजे. वाटलेली भीती जाते, बसलेला धक्का ओसरतो. घेतलेला धसका माणूस आत ठेवून देतो आणि त्याच्यासकट जगत राहतो. आपल्याकडे एखादे पोर रात्री दचकून उठू लागले, पाच-सहा वर्षांचे होऊनही पुन्हा अंथरूण ओले करू लागले, आईचा पदर सोडीनासे झाले किंवा बोलायचेच थांबले, की घरातली म्हातारी पहिले निदान हेच करते : पोराने धसका घेतलाय. मग मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत पडतात. त्या मोहऱ्यांच्या तडतडण्यात औषध नाही, हे आपण जाणतो. पण त्या निमित्ताने कुणीतरी वडीलधारे माणूस पोराला दिवेलागणीला जवळ घेऊन बसते आणि ‘यात तुझा काही दोष नाही’ असे न बोलता सांगते, एवढे श्रेय त्या म्हातारीला दिलेच पाहिजे. याच श्रद्धेचे टोक जेव्हा मुलाला चटके देण्यापर्यंत किंवा झाडाला बांधण्यापर्यंत जाते, तेव्हा मात्र तो शुद्ध क्रूरपणा होतो.

मुलांच्या मनाचा विचार करणारे आजचे वैद्यक या धसक्याला मानसिक आघात म्हणते. चिडणाऱ्या, मुकाट बसणाऱ्या, शाळा बुडवणाऱ्या मुलाकडे पाहून ‘याचे काय बिघडले आहे?’ असे विचारू नका, ‘याच्यावर काय गुजरले आहे?’ असे विचारा, हा त्या विचाराचा गाभा. त्याची सूत्रे ऐकायला साधी आहेत. मुलाला आधी सुरक्षित वाटू द्यावे. त्याच्याशी खरे बोलावे. दिवसाचा क्रम ठरलेला असावा. लहानसहान गोष्टींत तरी निवड त्याच्या हाती राहावी. आणि जे घडले ते त्याच्याकडून ओरबाडून काढू नये. वाचायला दोन ओळी पुरतात. पाळायला मात्र सारे घर बदलावे लागते.

प्रस्तुत लेख वैद्यकाचा नव्हे, समीक्षेचा आहे. मूल धसका घेते तेव्हा त्याच्या शेजारच्या मोठ्या माणसाने काय करावे, हा प्रश्न आमच्या कलावंतांनी कसा हाताळला, एवढेच येथे पाहायचे आहे. त्यासाठी एक योगायोग हाताशी आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान आजवर पाच मराठी चित्रपटांना मिळाला : ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’. यांतले तीन, म्हणजे पहिला, दुसरा आणि पाचवा, एका दुखावलेल्या मुलाच्या किंवा तरुणाच्या आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसाच्या गोष्टी आहेत. दिवाळीच्या सुटीत घरातल्या सर्वांनी बरोबर बसून पाहावेत असे हे तीन चित्रपट एकापुढे एक ठेवले, म्हणजे आमची समज कशी वाढत गेली आणि कुठे अडली, हे दोन्ही दिसते.

आरंभ अर्थातच श्यामपासून. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा आणि त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले ते १९५४ साली. या पुस्तकाविषयी लिहिताना आपल्या समीक्षेने अश्रूंचा हिशेब पुष्कळ केला. कुणी त्या अश्रूंना पावित्र्य म्हटले, कुणी भाबडेपणा. पण श्यामवर काय गुजरले, याची यादी फार थोड्यांनी केली. उतरती कळा लागलेले घर, दारात येऊन आईचा अपमान करणारा सावकाराचा माणूस, आणि शेवटी आपण दूर असताना झालेला आईचा मृत्यू. लहान वयात एवढे सोसलेल्या मुलाचे पुढे काय होते? गुरुजींचे उत्तर पुस्तकाच्या रचनेतच आहे. मोठा झालेला श्याम आश्रमात, सायंप्रार्थना झाल्यावर, ओळखीच्या माणसांसमोर रोज थोडे थोडे सांगतो. वेळ ठरलेली आहे, जागा ठरलेली आहे, ऐकणारे जिव्हाळ्याचे आहेत, आणि किती सांगायचे व कुठे थांबायचे हे सांगणाराच ठरवतो. पुस्तकाच्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हणावे, हे केवळ लेखनाचे वळण नव्हे. दुःख सांगण्यासाठी काय काय लागते, याचा तो नकाशाच आहे.

तरीही एक उणीव मान्य केली पाहिजे. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीवर धाडते, आणि नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. गुरुजींनी हे दोन्ही लिहिले. आम्ही मात्र दोन-तीन पिढ्या मारण्याचाच भाग उचलला आणि वळांवरून फिरलेला हात विसरलो. शिवाय त्या घरात सारे ओझे एकट्या आईवर आहे. तिच्या स्वतःच्या धसक्याची वास्तपुस्त करणारे कुणी नाही. पुढच्या कित्येक मराठी कथा-चित्रपटांनी हीच आई पुन्हा पुन्हा उभी केली आणि तिच्या थकव्याला त्यागाचे नाव देऊन सुटका करून घेतली.

मधे पन्नास वर्षे गेली. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ २००४ साली आला, तेव्हा कोकणातला आणखी एक मुलगा आपल्यापुढे उभा राहिला. परशुरामच्या डोळ्यांत कर्करोग आहे; जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करायची, आणि शस्त्रक्रिया झाली की दृष्टी कायमची जाणार. एखाद्या सामान्य दिग्दर्शकाने येथे शस्त्रक्रियेच्या यशापयशाचा ताण रचला असता. ‘श्वास’चा पेच निराळाच आहे : हे मुलाला सांगायचे कसे? डॉक्टर साने यांचा आग्रह असा, की शस्त्रक्रियेआधी मुलाला कळलेच पाहिजे. आजोबांची जीभ रेटत नाही. आमच्या घराघरांत अशा वेळी काय करतात, हे सर्वांना ठाऊक आहे. ‘काही नाही रे, लगेच बरा होशील,’ असे सांगून मुलाला आत पाठवतात. आजोबा वारले तर ‘गावाला गेले’ म्हणतात. त्या मुलाला पुढे कुणाच्याच शब्दाचा भरवसा उरत नाही, याचा विचार कुणी करीत नाही.

‘श्वास’ने या प्रेमळ खोटेपणाला नकार दिला, हे त्याचे मोठेपण. सत्य कळल्यावर परशुराम आदळआपट करतो, बिथरतो. चित्रपट त्याला शहाणे मूल बनवून आपली सोय पाहत नाही. त्याचा राग त्याचा हक्क म्हणून मान्य करतो. आणि मग आजोबा त्याला रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेतात. नियमाने पाहिले तर हा अपराध. डॉक्टर संतापतात ते रास्तच आहे. परंतु त्या काही तासांत आजोबा काय करतात? जे जायचे आहे ते जाण्यापूर्वी मुलाला डोळे भरून पाहू देतात. निरोप घेऊ देतात. शस्त्रक्रिया टाळणे मुलाच्या हाती नव्हते. शेवटचे काय पाहायचे, एवढी एक गोष्ट त्याच्यासाठी राखून ठेवणे शक्य होते. अरुण नलावडे यांनी हे सारे फार थोड्या शब्दांत केले आहे. आणि अश्विन चितळे या बालकलाकाराच्या चेहऱ्यावर लाडिकपणाची पुटे नाहीत. उणीव सांगायची तर चित्रपट गावी परतण्यापाशी संपतो. पुढची शाळा, पुढची दहा वर्षे, अंधारात चाचपडण्याचा रोजचा कंटाळा, हे सारे प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोडले आहे. धसक्याची खरी कसोटी मात्र त्या दहा वर्षांतच लागते.

तिसरा चित्रपट सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’. २०१६ च्या पुरस्कारांत त्याला सुवर्णकमळ मिळाले आणि २०१७ मध्ये तो प्रदर्शित झाला. जगणे नकोसे झालेला एक तरुण जानकी नावाच्या बाईला वाटेत सापडतो. ती त्याला आपल्या कोकणातल्या घरी घेऊन येते. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे, म्हणून एक गोष्ट तिला पुस्तकावाचून कळते : प्रश्नांची सरबत्ती करायची नाही. जेवण वेळेवर येते, खोलीचे दार त्याच्या मर्जीने उघडते, बोलायचे तर बोलावे, नाही तर नाही. किनाऱ्यावर कासवाची मादी अंडी घालून समुद्रात निघून जाते. माणसे त्या अंड्यांना कुंपण घालतात, राखण करतात, पण पिल्लाला उचलून पाण्यात सोडीत नाहीत. वाळूवरून ते त्याचे त्यालाच सरपटत जावे लागते. मदत कुठे करावी आणि कुठे थांबावी, हे या उपमेने जितके सहज सांगितले आहे, तितके व्याख्यानांनी क्वचितच साधते. इरावती हर्षे यांची जानकी पाहताना, गप्प बसणे हेही काम असते, हे पटते.

येथेही एक शंका राहतेच. जानकीपाशी समुद्रकाठचे घर आहे, गाडी आहे, चाकर आहे, आणि मुख्य म्हणजे सवड आहे. एवढी शांतता कुणाला परवडते? ज्या आईला सकाळी सहाला निंदायला जायचे आहे, तिने आपल्या मुक्या झालेल्या मुलाजवळ गप्प बसायला वेळ कुठून आणावा?

या शंकेपाशीच आमच्या तिन्ही थोर कलाकृतींची एक समान मर्यादा उघडी पडते. तीन मुले आहेत, पण प्रत्येक जण एकटा आहे. आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक विशाल मनाचे माणूस आले आहे : आई, आजोबा, जानकी. तिघेही कोकणात आहेत, हा योगायोग म्हणून सोडून देऊ. प्रश्न असा, की जेथे एका रात्रीत शेकडो मुलांनी धसका घेतला आणि त्यांच्या आया व आजोबा मातीखाली गेले, तेथे ही विशाल मनाची माणसे कुठून आणायची?

ती रात्र ३० सप्टेंबर १९९३ ची. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून गावे निजली होती आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. ५२ गावे भुईसपाट झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, ही उन्हाळ्यात गारवा देणारी आमची घरे. त्यांनीच माणसे गाडली. घर म्हणजे सुरक्षित जागा, हा कोणत्याही मुलाचा पहिला सिद्धान्त असतो. किल्लारीच्या मुलाचा तो सिद्धान्तच झोपेत कोसळला. दीड महिन्याने दिवाळी आली. फटाक्याचा आवाज म्हणजे काय, हे त्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये झोपणाऱ्या मुलांना कुणी विचारायला नको होते.

त्या मुलांसाठी काहीच झाले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले पुण्याला नेऊन त्यांच्या राहण्या-शिकण्याची व्यवस्था केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मराठवाड्यातील भूकंपाच्या मानसिक परिणामांचा अभ्यास हाती घेतला आणि त्याचे प्रमुख होते डॉ. मोहन आगाशे. रंगभूमीवर घाशीरामचे नाना फडणवीस साकारणारे हेच मनोविकारतज्ज्ञ पुढे ‘कासव’चे निर्माते झाले आणि त्यात कासवांची राखण करणाऱ्या दत्ताभाऊंची भूमिकाही त्यांनी केली. मराठवाड्याच्या ढिगाऱ्यापासून कोकणच्या वाळूपर्यंतचा हा प्रवास एकाच माणसाच्या आयुष्यात झाला आहे, ही गोष्ट समीक्षकाने नोंदवून ठेवावी अशी आहे.

पण व्यवस्था झाली म्हणजे गोष्ट संपत नाही. साहित्याची गोष्ट तेथे सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी हॅम्पस्टेड भागात मुलांची संगोपनगृहे चालवली. त्यांच्या ध्यानात आले, की बॉम्बच्या आवाजापेक्षा आईपासून तुटणे मुलांना जास्त दुखावते. तेव्हा त्यांनी मुलांचे लहान लहान गट पाडून प्रत्येक गटाला एकच सांभाळणारी बाई दिली. म्हणजे उसने का होईना, एक कुटुंब दिले. किल्लारीचे मूल पुण्याच्या वसतिगृहात निजले, तेव्हा त्याच्या उशाशी कोणती भाषा होती? ‘काय करायलास’ म्हणणारे कुणी जवळ होते का? आणि जे मूल मागे राहिले, त्याला सरळ रेषांत आखलेले, रुंद रस्त्यांचे नवे गाव मिळाले. पण एका माळवदावरून दुसऱ्या माळवदावर जाण्याची वाट मिळाली नाही. इमारती मोजता येतात. हे हरवलेले मोजायला कादंबरीच लागते.

या प्रश्नांचे महत्त्व भूकंपापुरते नाही, हे विष्णुपुरीत राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. गोदावरीकाठचे हे काळेश्वराचे गाव आता धरणाचे, विद्यापीठाचे आणि शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयाचे झाले आहे. रुग्णालयाच्या आवारात भाकरीची फडकी सोडून बसलेली कुटुंबे नांदेड, हिंगोली, परभणीकडच्या खेड्यांतून आलेली असतात. पोराचे पोट दुखते आणि तपासणीत काही निघत नाही. पोरगी शाळेत भोवळ येऊन पडते आणि रक्त ठीक असते. अशा दुखण्यामागे कधी बापाने कर्जापायी जीव दिलेला असतो, कधी ऊसतोडीच्या हंगामात आईबापाविना काढलेले सहा महिने असतात, कधी घरातल्याच कुणी केलेले, उच्चारता न येणारे दुष्कृत्य असते, आणि कधी लातूरच्या शिकवणीच्या खोलीत एकट्याने गिळलेले अपयश असते. बापाच्या दहाव्याला बारा वर्षांच्या मुलाला जमलेली मंडळी सांगतात, ‘रडू नको, आता तूच घरचा कर्ता.’ सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण त्या एका वाक्याने त्याचे रडणेही जाते आणि बालपणही जाते. पुढे तो चिडका झाला, शाळा सोडून भटकू लागला, की तीच मंडळी म्हणतात, पोरगे वाया गेले.

वैद्यकाने येथे दोन गोष्टी शिकवल्या आहेत आणि त्या घरोघरी पोहोचल्या पाहिजेत. पहिली अशी, की बहुतेक मुले सावरतात. त्यांना ठरलेला दिवसक्रम, शाळा, खेळ आणि एक भरवशाचे माणूस मिळाले पाहिजे. घडलेला प्रसंग लगेच पुन्हा पुन्हा सांगायला लावल्याने लाभ होत नाही, कधी अपायच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेने पहिल्या मदतीचे काम तीन शब्दांत बसवले : पाहणे, ऐकणे, जोडून देणे. दुसरी गोष्ट अशी, की काही मुले यानेही सावरत नाहीत. महिना उलटूनही झोप, जेवण, शाळा रुळावर येत नसेल, किंवा मूल मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर तज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. मुलाला आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन टप्प्याटप्प्याने करायचे उपचार आज आहेत, २०२२ पासून ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, आणि मूल संकटात असेल तर १०९८ आहे.

आता पुन्हा साहित्याकडे. लातूर जिल्ह्यातल्या काटगावच्या रा. रं. बोराड्यांनी ‘पाचोळा’ (१९७१) मध्ये एका शिंप्याच्या घराची वाताहत घरच्या बाईच्या तोंडून, आमच्याच बोलीत सांगितली आणि मराठवाड्याच्या दुःखाला आतला आवाज दिला. त्या घरातला मुलगा आपल्याला आईच्या नजरेने दिसतो. पुढचे पाऊल असे हवे, की मुलानेच बोलावे. त्याच्या तोंडी लेखकाचे शहाणपण घालू नये. ते गप्प असेल तर गप्प राहू द्यावे. त्याने दगडांची घरे रचून पुन्हा पुन्हा पाडली, तर तो खेळ कशाचा आहे हे वाचकाला उमगू द्यावे. आणि त्याच्या भोवती एकच विशाल हृदय उभे न करता अनेक साधी माणसे उभी करावीत : हजेरी घेताना रिकाम्या जागेपाशी क्षणभर थांबणारे गुरुजी, कपडे शिवून देणारी चुलती, आठवड्याला घरी डोकावणारी आशाताई, औषधाआधी नाव विचारणारा डॉक्टर. श्यामच्या आईचे काम अशा पाचजणांत वाटले गेले, तरच ते आमच्याकडच्या हजारो मुलांना पुरेल. अशी कादंबरी लिहिणे अवघड आहे, कारण त्यात नायक नाही. पण किल्लारीच्या गोष्टीला नायक नव्हताच.

त्या रात्री आठ वर्षांचे असलेले मूल आज चाळिशीत आहे. त्याची स्वतःची मुले आता त्या वयाची आहेत आणि यंदाच्या दिवाळीत ती फटाक्यांसाठी हट्ट धरीत असतील. बाप त्या आवाजाला का दचकतो, हे त्यांना कुणी सांगितले नसेल तर त्यांच्या घरात एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती त्याने सांगावी, त्याच्या सवडीने सांगावी. आणि आमच्या लेखकांनी तोवर त्याच्या शेजारी बसून राहण्याची तयारी ठेवावी.